चुना राहू द्या, आधी काटा काढा

तुमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला गावी मधमाशी चावली, आजीने किल्ली घासून वर चुना लावला आणि दुसऱ्या दिवशी सूज मनगटाच्या वर चढली. विष पसरलं का, अँटिबायोटिक द्यायचं का, चुना लावायला नको होता का, हे तुमचे प्रश्न. शिवाय परसातल्या फणसावरचं मोहोळ जाळून टाकावं का, हाही एक. मी सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, पेट्या ठेवतो, त्यामुळे या विषयात अंगावर घेतलेलं ज्ञान भरपूर आहे.

आधी सूज. मुलगी खातेय, खेळतेय, श्वास नीट आहे आणि सूज त्या एकाच हाताला आहे, तर घाबरू नका. काहींच्या शरीराची प्रतिक्रिया जरा जोरदार असते. सूज साधारण ४८ तासांपर्यंत वाढते आणि पूर्ण उतरायला आठवडाही लागतो. हे जंतूंचं काम नव्हे, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तीन-चार दिवसांनी दुखणं उलट वाढलं, ताप आला, पू दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. खाजवून जखम झालेली असू शकते आणि तिच्यात जंतू जातात. तोवर हात उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, आणि हातात बांगडी, कडं, अंगठी असेल तर आजच काढा. सूज वाढली की अंगठी-कडं कापूनच काढायची वेळ येऊ शकते. खाजेसाठी सेट्रिझिन चालतं, पण लहान मुलाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

आता पुढच्या वेळेसाठी. मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात. ती कातडीत अडकते आणि माशी उडाली की विषाच्या पिशवीसकट तुटून तिथेच राहते. माशी गेली तरी ती पिशवी विष आत ढकलत असते, आणि बरंचसं विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच उतरतं. चिमटीत धरून काढू नका, पिशवी पिळली जाते, एटीएम कार्डाने खरवडा, असा सल्ला अजून फिरतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी १९९६ साली मुद्दाम डंख घेऊन हे तपासलं. काढण्याच्या पद्धतीने फरक पडला नाही, उशिराने पडला. म्हणजे कार्ड शोधायला पाकीट उघडेपर्यंत काम झालेलं असतं. नखाने, बोटांनी, जमेल तसा काटा ओढा. काटा दिसतच नसेल तर बहुधा गांधीलमाशी होती. तिची नांगी अडकत नाही आणि ती पुन्हा पुन्हा चावू शकते.

काटा काढला की तिथून बाजूला व्हा. डंखाच्या जागी धोक्याचा वास राहतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि त्यावर बाकीच्या माश्या येतात. म्हणून आम्ही पेटीवर काम करताना डंखावर लगेच धुराचा झोत मारतो. (पेटी उघडण्याआधी केळं खाऊ नये, हे त्याच कारणाने.) लांब गेल्यावर साबणाने धुवा.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच सांगतो. विष आम्लधर्मी म्हणून त्यावर चुना किंवा सोडा, हे शाळेतलं गणित इथे चालत नाही. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, आणि त्रास त्यातल्या प्रथिनांचा असतो. चुना मात्र कातडी भाजतो, लहान मुलांची तर लवकरच. डोळ्याजवळ तर तो नेऊच नका. लोखंड घासल्याने गार वाटतं एवढंच, आणि काटा आत असताना घासलं तर नुकसानच. कांदा, तुळस, मध यांनी बरं वाटत असेल तर लावा, आजीशी भांडू नका. हळदीबद्दल माझी तक्रार एकच, लाली पसरतेय का ते तिच्या पिवळ्या रंगाखाली दिसत नाही. शेण आणि माती मात्र अजिबात नको. धनुर्वाताचे जंतू तिथलेच.

खरं लक्ष हवं ते पहिल्या तासावर. डंखापासून दूर अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, उलट्या, चक्कर, यातलं काही दिसलं की घरगुती काही करत बसू नका, १०८ लावा. इथे अॅड्रेनालिनचं मांडीतलं इंजेक्शन जीव वाचवतं. अॅव्हिल (अॅलर्जीचं औषध) किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन त्याची जागा घेत नाही, हे दवाखान्यात निःसंकोच सांगा. निघतानाच फोन करून अॅड्रेनालिन आहे ना, याची खात्री करा. रुग्णाला आडवं ठेवून पाय वर करा. धाप असेल तरच टेकून बसवा. दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून नेण्याची आपल्याकडची पद्धत इथे घातक आहे, कारण रक्तदाब पडलेल्या माणसाला उभं किंवा ताठ बसवलं की तो तिथेच कोसळू शकतो. जीप, रिक्षा, काहीही चालेल, पण आडवं न्या. घशात किंवा डोळ्यात डंख असेल तर त्रास दिसायची वाट न पाहता निघा. डोळ्यातला काटा घरी काढू नका.

आग्या मोहोळाचा, म्हणजे उघड्यावर मोठं पोळं बांधणाऱ्या रानटी मधमाश्यांचा, प्रकार वेगळा. गडाच्या कड्यावरची ती पोळी मोहोळघारीच्या झडपेने, धुराने किंवा दगडाने उठतात आणि माश्या दूरवर पाठलाग करतात. तोंड-नाक झाका, हात झाडू नका, बंद गाडी किंवा घर गाठा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. कड्याच्या काठावर असाल तर पळण्यापेक्षा चादर ओढून निपचित पडणं मला बरं वाटतं. दरीत पडून मरण्यात अर्थ नाही. पन्नासच्या आसपास डंख झाले असतील, मुलाला त्याहून कमी झाले तरी, माणूस ठीक दिसला तरी रुग्णालयात दाखल करा. विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. काळ्या चहासारखी लघवी झाली तर तो उशिरा दिसलेला इशारा असतो.

फणसावरचं मोहोळ जाळू नका. पेटत्या चुडीने उठलेल्या माश्या आधी घरातच शिरतील. ढोलीत असेल तर ते बहुतेक सातेरीचं असणार. जवळच्या मधपाळाला बोलवा, तो पेटीत भरून आनंदाने घेऊन जाईल. फांदीला उघडं लटकलेलं हातभर मोठं पोळं असेल तर ते आग्याचं. मग मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका, खाली चूल किंवा कचरा पेटवू नका. फुलोरा संपला की त्या माश्या बहुधा स्वतःच उठून जातात.