409 विजय राहू देत, आधी लेकीला उत्तर दे

प्रश्न: मावशी, मी मूळचा सांगलीचा. 2004 ला एमएस करायला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीत आलो, आता न्यू जर्सीत एडिसनला असतो. आमच्या युनिव्हर्सिटीचे अमेरिकन फुटबॉलचे कोच जो पॅटर्नो म्हणजे माझं दैवत. 46 सीझन हेड कोच, 409 विजय, आणि खेळाडूंनी अभ्यास पण केलाच पाहिजे हा हट्ट. 2011 मध्ये त्यांचा जुना असिस्टंट जेरी सॅन्डस्की लहान मुलांवरच्या अत्याचारात पकडला गेला आणि ट्रस्टींनी सरांना चक्क फोनवर काढून टाकलं, अडीच महिन्यांत ते कॅन्सरने गेले. माझ्या होम ऑफिसमध्ये त्यांचा फोटो आहे. माझ्या 14 वर्षांच्या मुलीने हे प्रकरण कुठेतरी वाचलं आणि फोटो काढा म्हणून हटून बसली. मोठा वाद झाला. मध्येच तिने विचारलं की तुम्हाला कुणी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, मी म्हटलं रीतसर वर कळवलं असतं, सरांनी तेच केलं. तेव्हापासून ती धड बोलत नाही. बायको म्हणते काढा तो फोटो आणि मिटवा. एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यावर असं पाणी सोडायचं का?

उत्तर: अरे बाबा, एवढ्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे आणि ते तू "मध्येच तिने विचारलं" म्हणून उडवून लावलंस.

चौदा वर्षांची मुलगी बापाला विचारते की तुला कुणी येऊन सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस. तुला खरंच वाटतं ती पॅटर्नोबद्दल विचारत होती? तिला तो माणूस कोण कुठला, ती जन्मली तेव्हा त्याचं सगळं होऊन गेलेलं. ती तुझी परीक्षा घेत होती रे. उद्या मी किंवा माझी एखादी मैत्रीण तुझ्याकडे असलं काही घेऊन आलो तर तू काय करशील, एवढंच तिला बघायचं होतं आणि तू सांगितलंस की मी वरच्या साहेबाला कळवीन आणि मोकळा होईन. मग ती गप्प बसली, बरोबरच केलं तिने.

तुझं त्या कोचवरचं प्रेम मला कळतं, खोटं नाही सांगत. 2004 ला तू सांगलीहून तिथे पोचलास तेव्हा ती टीम 11 पैकी 7 मॅच हरली होती, म्हाताऱ्याने आता घरी बसावं असं लोक उघड बोलत होते, आणि पुढच्याच वर्षी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमला रात्रीच्या मॅचमध्ये 17-10 ने हरवलं, स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस, पोरं आधी कित्येक दिवस बाहेर तंबू ठोकून बसलेली. घरापासून इतक्या लांब एकट्या पडलेल्या पोराला त्या रात्री आपलं गाव मिळालं असणार. तू रात्र रात्र जिथे अभ्यास केलास त्या लायब्ररीवर पण त्याचंच नाव, तिच्यासाठी त्याने स्वतःच्या खिशातून पैसे दिलेले. हे सगळं खरं आहे आणि ते तुझ्याकडून कुणी काढून घेत नाहीये.

पण "सरांनी तेच केलं" हे जे तू अभिमानाने लिहितोस ना, ते जरा नीट बघ. 2001 च्या फेब्रुवारीत एक तरुण असिस्टंट सकाळी सकाळी त्याच्या घरी गेला आणि शॉवरमध्ये सॅन्डस्कीला एका लहान मुलासोबत काय करताना पाहिलं ते सांगितलं. पॅटर्नोने ते अॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाच्या प्रमुखाला, कळवलं. कायद्याने तेवढं पुरेसं होतं, त्याच्यावर खटला पण झाला नाही. पण त्या वरच्या साहेबांनी पोलिसांना कळवलंच नाही आणि सॅन्डस्की पुढे दहा वर्षं मोकळा हिंडला. 2012 मध्ये त्याच्यावरचे 45 आरोप सिद्ध झाले. आणि हे ऐक, पॅटर्नो स्वतः शेवटी म्हणाला होता की मी आणखी काहीतरी करायला हवं होतं. म्हणजे तुझा कोच कबूल करून गेला आणि तू अजून त्याची वकिली करतोयस, ती पण कुणासमोर तर स्वतःच्या लेकीसमोर!

बरं तू म्हणतोस ते "रीतसर" पण आता राहिलेलं नाही. या प्रकरणानंतर पेनसिल्व्हेनियाने 2014 मध्ये कायदाच बदलला, शिक्षक, कोच वगैरे ज्यांच्यावर ही जबाबदारी आहे त्यांनी आधी थेट सरकारी यंत्रणेला कळवायचं, साहेबाला नंतर. आणि तू राहतोस त्या न्यू जर्सीत तर शिक्षक असो नाहीतर शेजारी, मुलावर अत्याचार होतोय अशी रास्त शंका आली की कळवणं प्रत्येकालाच बंधनकारक आहे, तुला पण.

बायकोचं "काढा आणि मिटवा" मला अजिबात पटत नाही. मिटवामिटवीनेच तिथे पोरांचा घात झाला, तेच आता घरात कशाला? तू आज गुपचूप फोटो उतरवलास तर मुलगी एवढंच शिकेल की बाबाने कटकट नको म्हणून काढला.

तेव्हा एकच कर आणि आजच कर. तिला गाडीत घे, आईस्क्रीम आणायला म्हण, काहीही म्हण, या वयाची पोरं समोरासमोर बसवून बोलत नाहीत पण गाडीत बोलतात. आणि सांग की त्या दिवशी तू विचारलंस त्याचं मी चुकीचं उत्तर दिलं, मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला असता आणि त्याच दिवशी स्वतः पोलिसांना फोन केला असता, करणारा माणूस कितीही मोठा असला तरी. एवढं बोल आणि गप्प बस. कोचचं नाव काढू नकोस, 409 तर नकोच नको. का विचारलंस, कुणाचं काय झालं, असली उलटतपासणी पण नको. बहुतेक काहीच निघणार नाही, नुसतं "ओके" म्हणेल आणि मोबाईलमध्ये डोकं घालेल, घालू दे.

पण तिने कुणाचं नाव घेतलंच, शाळेतलं, क्लासमधलं, अगदी तुमच्या ग्रुपमधला कुणी काका का असेना, तर घरी येऊन बायकोशी चर्चा, मग शाळेला ईमेल, मग उत्तराची वाट, हे करत बसू नकोस. राज्याची चाइल्ड अब्यूज हॉटलाइन चोवीस तास चालू असते, नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव.