‘येसवा’ म्हणजे वेश्याच का?

प्रश्न असा आहे: संत जनाबाईंच्या ‘डोईचा पदर आला खांद्यावरी’ या अभंगाच्या शेवटी ‘जनी म्हणे देवा मी झालें येसवा’ अशी ओळ येते. इथे येसवा म्हणजे वेश्या असंच समजायचं, की दासी, वेडी, संसारातून उठलेली असा काही सौम्य अर्थ आहे?

वेश्याच. ‘वेश्या’चं जुन्या मराठीतलं रूप ‘वेसवा’, आणि त्याचंच ‘येसवा’. सुरुवातीच्या ‘वे’चा ‘ये’ होणं आपल्या बोलींत अगदी रोजचं आहे: वेळ-येळ, वेडा-येडा, गावाची वेस-येस. त्यामुळे व्युत्पत्तीसाठी दूर कुठे जावं लागत नाही. ‘दासी’ हा अर्थ तर मुळीच टिकत नाही, कारण तो शब्द जनाबाईंच्या ओठांवरच होता. ‘नामयाची दासी जनी’ ही त्यांची नाममुद्रा. दासीच म्हणायचं असतं तर नवा शब्द शोधण्याची गरजच नव्हती.

आता अभंग जरा सावकाश वाचू.

डोईचा पदर आला खांद्यावरी ।
भरल्या बाजारीं जाईन मी ॥
हातीं घेईन टाळ खांद्यावरी वीणा ।
आतां मज मना कोण करी ॥

पहिल्या ओळीत पदर ‘आला’. काढला म्हटलेलं नाही, ढळला असंही नाही. ‘पदर ढळणे’ म्हटलं की लगेच ‘पदर सावरणे’ येतं, आणि चूक कोणाची हे ठरून जातं. जनाबाई नुसती घडलेली गोष्ट सांगतात आणि पदर सावरत नाहीत. मग येतात ती भविष्यकाळाची क्रियापदं, जाईन, घेईन. पहिल्या पुरुषातल्या ‘-ईन’मध्ये मराठीत निश्चय आपोआप येतो, म्हणून ती वाचताना ठाम वाटतात. शिवाय ‘खांद्यावरी’ दोनदा आलंय, इकडे फारसं लक्ष जात नाही. ज्या खांद्यावर पदर उतरला, त्याच खांद्यावर वीणा चढते. मला या अभंगातली ही सर्वांत देखणी जागा वाटते.

‘मना कोण करी’ इथे हमखास घोटाळा होतो. हा ‘मना’ म्हणजे चित्त नाही, मनाईतला ‘मना’ आहे. आता मला अडवणार कोण, असा सरळ सवाल आहे. पुढे ‘पंढरीच्या पेठे मांडियेलें पाल’ येतं. पाल म्हणजे बाजारात उभारतात तो कापडी आडोसा. म्हणजे कीर्तन करायला निघालेली बाई लोकांच्या नजरेला कशी दिसेल याचं पूर्ण चित्र त्यांनीच उभं केलंय: उघडं डोकं, भरला बाजार, पाल. त्यावर लोक जो शब्द वापरणार, तो त्या स्वतःच उच्चारतात, आणि तोही ‘झालें’ या भूतकाळात. ठपका ठेवायला कोणी उरतच नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: हे भक्तीतलं रूपक आहे, ज्ञानेश्वरांनीही विरहिणीच्या तोंडून अभंग म्हटलेच ना? म्हटले, आणि ते अपूर्व आहेत. पण पुरुषाने घेतलेली ती भूमिका आहे, अभंग संपला की बाजूला ठेवता येते. गंगाखेडहून पंढरपूरला आलेल्या, नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या बाईला हा शब्द लावायला समाजाला रूपकाची गरज नव्हती. लावण्यांतली ‘मी’ सुद्धा बहुतेक शाहिरांनी, म्हणजे पुरुषांनी लिहिलेली आहे. बाईने स्वतःच्या नावानिशी ‘मी येसवा’ म्हणणं ही वेगळ्याच धारेची गोष्ट आहे. आणि शिवीचा शब्द जनाबाई चुकून वापरत नाहीत. ‘अरे विठ्या विठ्या’मध्ये खुद्द विठ्ठलाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून झाल्यावर शेवटी त्या ‘शिव्या देत दासी जनी’ असं बजावून सांगतात.

कान्होपात्रा शेजारी ठेवून पाहा. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी, म्हणजे हा शब्द तिला जन्मासोबत चिकटलेला. बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा तिने पंढरपुरात विठ्ठलाचे पाय धरले, असं परंपरा सांगते. तिच्या ‘नको देवराया अंत आता पाहू’मध्ये ‘हरिणीचें पाडस व्याघ्रें धरियेलें’ असा आकांत आहे. तिला तो शब्द मिरवण्याची चैन नव्हती, त्यातून सुटायचं होतं. जनाबाईंनी तो बाहेरून उचलला. दोघींनाही एकाच ‘स्त्रीमुक्ती’च्या खान्यात टाकलं की हा फरक पुसला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

राहिला शेवटच्या चरणाचा पाठ. छापील प्रतींत तो ‘रिघालें केशवा घर तुझें’ आणि ‘निघालें केशवा घर तुझें’ असा दोन्ही प्रकारे सापडतो. रिघणे म्हणजे आत शिरणे. मी ‘रिघालें’च्या बाजूचा. लग्न नाही, वाजतगाजत कोणी आणलेलं नाही, आपल्या पायांनी ती परक्याच्या घरात शिरते आहे, आणि ‘येसवा’ हा शब्द त्या शिरण्यालाच चिकटलेला आहे. वर्गात किंवा कीर्तनात अर्थ सांगताना ‘येसवा : वेश्या’ असंच स्वच्छ सांगावं. ‘दासी’ म्हटलं की ‘रिघालें’ला काही कामच उरत नाही, कारण दासी तर घरात असतेच.