पुण्यातली इंटर्नशिप की कोल्हापुरातली नोकरी?

प्रश्न: मुलगी यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झाली. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत प्रॉडक्शनला हातात 17,000 रुपयांची नोकरी मिळतेय, राहणं घरीच. पुण्यात ऑटो पार्ट्सच्या कंपनीत डिझाइन विभागात सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे, स्टायपेंड 12,000. साडेतीन लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे. दोन लाखांची एफडी चार महिन्यांनी पिकते. ती मोडून मुलीला पाठवावं का?

उत्तर: एफडीकडे नंतर येऊ. आधी इंटर्नशिप खरोखर केवढ्याला पडते ते पाहा.

पुण्यात कॉट बेसिसवर 5,500, मेसचे दोन वेळचे 3,800, प्रवास 1,500, नाश्ता-मोबाइल-वरखर्च 2,200 आणि गावाकडची फेरी 1,000 धरली, तर महिना 14,000 होतात. म्हणजे स्टायपेंडमध्ये 2,000 ची तूट, सहा महिन्यांत 12,000. पण तीच मुलगी घरी राहून 17,000 पैकी 3,000 खर्चून 14,000 शिल्लक टाकू शकते. ते 84,000 हुकतात. एकूण किंमत 96,000 रुपये.

आता ते वसूल कधी होणार? बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. पुण्यात कायम होऊन हातात 30,000 आले, तर खर्च जाऊन 16,000 उरतील. कोल्हापुरात 14,000 उरतातच. फरक 2,000, म्हणजे 96,000 भरून यायला चार वर्षं! हातात 36,000 आले तर फरक 8,000 होतो आणि वर्षात वसुली. कोल्हापुरातही पगार वाढेल हे यात धरलेलं नाही. तेव्हा सगळं अडतं ते कायम झाल्यावरच्या पगारावर. आणि वर्षाला साडेचार लाखांचा सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला हातात 37,500 नव्हे. पीएफचे दोन्ही वाटे (तिचा आणि कंपनीचा), ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) त्यातूनच जातात.

म्हणून होकार देण्याआधी मुलीने एचआरला ईमेलवर विचारावं: गेल्या वर्षी किती इंटर्न घेतले, किती कायम केले, हातात किती पगार दिला? उत्तर गोलमोल आलं तर 'परफॉर्मन्स पाहून ठरवू' या वाक्याची किंमत शून्य धरा. दुसरं, काम काय? कॅटिया किंवा क्रेओ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर पार्ट मॉडेलिंग, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) देणं, बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी) बनवणं हे हाताखालून गेलं, तर इथे कायम नाही झाली तरी दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. जुन्या ड्रॉइंगचे नंबर एक्सेलमध्ये भरत बसवलं, तर सहा महिने वाया. ऑफर लेटरमध्ये विभाग, सॉफ्टवेअर, कालावधी आणि शेवटी अनुभवपत्र मिळेल हे लिहून घ्या. मूळ गुणपत्रिका किंवा डिपॉझिट मागितलं तर विषय तिथेच संपवा.

कंपनी नॅट्स या सरकारी अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर अप्रेंटिस म्हणून घेते का, तेही विचारा. तिथे रीतसर करार होतो, 2019 च्या नियमांत पदवीधराला दरमहा किमान 9,000 ठरले, त्या किमान रकमेचा निम्मा भार सरकार उचलतं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. कालावधी मात्र बहुधा वर्षाचा, आणि अप्रेंटिसला पीएफ नसतो.

स्टायपेंड 'प्रोफेशनल फी' म्हणून दिला तर 10 टक्के टीडीएस (आगाऊ कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो. हातात 10,800 येतात. रिटर्न भरलं की 7,200 परत मिळतील, पण ते पुढच्या वर्षी. पहिला स्टायपेंड यायलाही महिना उलटतो. म्हणून निघताना पहिल्या महिन्याचे 14,000, दोन भाड्यांचं डिपॉझिट 11,000 आणि टीडीएस धरून सहा महिन्यांची तूट 19,200, असे साधारण 45,000 हाताशी हवेत.

त्यासाठी एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याजदर घटतो, वर बहुतेक बँका दंडही लावतात. चार महिन्यांचाच प्रश्न आहे. एफडी तारण ठेवून 50,000 चं ओव्हरड्राफ्ट (लागेल तशी उचल) घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही वापराल तेवढ्यावरच.

एचआरकडून हातात 34-35 हजारांच्या आसपासचा आकडा लेखी आला आणि काम खरोखर डिझाइनचं असेल, तर पाठवा. आकडा 30,000 च्या आत असेल तर गोकुळ शिरगाव घ्यावं आणि संध्याकाळी कॅडचा (संगणकावरच्या डिझाइनचा) क्लास लावावा. (तिला प्रॉडक्शन मुळीच नको असेल तर गोष्ट वेगळी, तो हिशेब मला करता येणार नाही, तिलाच विचारा.) गेलीच, तर तिसऱ्या महिन्यात साहेबांकडून लेखी अभिप्राय घ्यावा आणि चौथ्यापासून बाहेर अर्ज टाकायला लागावं. कर्जाचा हप्ता बहुतेक बँकांत शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. तुमच्या करारात तारीख पाहून ठेवा. सहा महिने त्यात बसतात. 'अजून सहा महिने इंटर्न राहा' म्हणाले तर नाही म्हणायचं, हे आत्ताच घरात ठरवून टाका.