चित्रावर पाय

प्रश्न : जपानमधले ख्रिस्ती अडीचशे वर्षं लपून राहिले म्हणे. पकडले जात नसत का?

उत्तर : जात तर! १५९७ मध्ये नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, १६१४ मध्ये देशभर बंदी आली. पुढं नागासाकीत दरवर्षी लोकांना येशू किंवा मरियेच्या चित्रावर पाय ठेवायला लावत. त्याला ‘फुमि-ए’ म्हणत. पाय कचरला की संशय. कित्येकांनी ठेवला आणि घरी येऊन क्षमेची प्रार्थना पुटपुटली. त्यांना भेकड म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. धर्मगुरू उरले नव्हते, बाप्तिस्मा गावकरीच देत. कान्नोन या बौद्ध करुणादेवीच्या मूर्तीत मरिया पाहत. १८६५ मध्ये नागासाकीत परदेशीयांसाठी उभारलेल्या ओउरा चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी आले. एका बाईनं फ्रेंच धर्मगुरूला हळूच विचारलं, मरियेची मूर्ती कुठंय? म्हणजे हे लपलेले ख्रिस्तीच! पण उघड झाल्यावर सुटका कुठली! उराकामीच्या तीन हजारांवर लोकांना हद्दपार केलं. बंदी उठली ती १८७३ मध्ये.