क्रूझ लागत नाही? आधी ब्रेकचे दिवे बघ
अरे, जुनी स्पोर्ट्स कार घेतलीस, छान! पण क्रूझ कंट्रोल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता वेग एकसारखा ठेवणारी यंत्रणा) लागत नाही म्हणून लगेच कंट्रोल युनिट उघडू नकोस. आधी ब्रेकचे दिवे बघ. जुन्या बऱ्याच गाड्यांत क्रूझला अर्थिंग मिळतं ते ब्रेकच्या बल्बमधून. हौसेने एलईडी बसवलेस की क्रूझ गप्प. माझे दोन रविवार त्यातच गेले. मग ब्रेक-क्लच पेडलवरचे स्विच बघ, पेडल दाबताच क्रूझ सोडवतात ते. क्रूझला इंजिनाची हवेची ओढ पोचवणारी व्हॅक्यूमची नळी टोकाशी वाकवून बघ, बारीक चिरा दिसल्या तर बदलच. आपल्या गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, तो साफ कर. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) हाताने उघडून सोड. झटकन परतलं नाही, तर क्रूझ लावूच नकोस. आणि चाचणी पर्वरीच्या गर्दीत नको, पावसात तर नकोच नको.