राज्य सरकारची महामारीची तयारी खरी की कागदावरची, हे कसं ओळखावं?

पुन्हा साथ आली तर महाराष्ट्र तयार आहे का, आणि सामान्य माणसाने ते तपासायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे. खाटांच्या आकड्यावर जाऊ नका, हे आधी सांगतो. खाट मंगल कार्यालयातही टाकता येते. आढावा बैठकीत हा आकडा हटकून वाचून दाखवतात, कारण तो वाढवणं सर्वांत सोपं. त्या खाटेपर्यंत ऑक्सिजन कसा पोचतो, रात्रपाळीला तिच्याजवळ कोण असतं आणि या दोन्हींचे पैसे कुठून निघतात, ते विचारा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्यात रोज साधारण १२०० टन ऑक्सिजन तयार होत होता. उद्योगांचा पुरवठा तोडून तो सगळा रुग्णालयांकडे वळवला, तरी गरज १५०० टनांच्या पुढे गेली. मग १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. ते भरून नागपूर-नाशिकला पोचेपर्यंत चार-पाच दिवस गेले. म्हणजे तुटवडा ऑक्सिजनचा होता तसाच टँकरचाही होता. नायट्रोजन आणि आर्गॉनचे टँकर ऐनवेळी बदलून वापरावे लागले.

हिशेब करून पाहा. केंद्राच्या सूत्रात साध्या ऑक्सिजन खाटेला मिनिटाला १० लिटर आणि अतिदक्षता खाटेला २४ लिटर धरले होते. साध्या ऑक्सिजनवरचे १०० रुग्ण म्हणजे दिवसाला १४४० घनमीटर वायू, द्रवरूपात जेमतेम दोन टन. हाच ऑक्सिजन ७ घनमीटरच्या जंबो सिलिंडरमधून द्यायचा तर दिवसाला दोनशेच्या वर सिलिंडर लागतात, म्हणजे दर सात मिनिटांनी एक बदलायचा. नाकातून जोराने ऑक्सिजन देणारं हाय फ्लो यंत्र मिनिटाला ६० लिटरवर चालवलं तर एक जंबो दोन तासही पुरत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात हे केवळ सिलिंडरवर निभत नाही.

म्हणून जागोजागी हवेतून ऑक्सिजन काढणारे पीएसए प्रकल्प उभे राहिले. मिनिटाला १००० लिटरचा प्रकल्प १०० साध्या खाटा सांभाळतो, कागदावर तरी. प्रत्यक्षात रोहित्राची क्षमता अपुरी निघते, किंवा जनरेटर जोडलेला नसतो आणि वीज गेली की प्रकल्प बंद. कॉम्प्रेसरमधून तेल नाहीतर बाष्प पुढे गेलं की हवेतला नायट्रोजन शोषून घेणारं झिओलाइट खराब होतं आणि शुद्धता ९३ टक्क्यांवरून घसरत जाते. महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या प्रकल्पात हे हमखास होतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: या प्रकल्पाचा दाब चार-पाच बार, तर सिलिंडर भरायला दीडशे बार लागतो. दाब वाढवणारा वेगळा बूस्टर नसेल तर शेजारच्या गावाला एक सिलिंडरही भरून देता येत नाही.

द्रव ऑक्सिजनच्या टाकीची तऱ्हा वेगळी. द्रवाचा वायू करणाऱ्या व्हेपोरायझरच्या क्षमतेपेक्षा जास्त उपसा झाला की त्याच्या पंखांवर बर्फाचा थर चढतो, दाब पडतो आणि वॉर्डातल्या शेवटच्या खाटेला आधी फटका बसतो. टाकी भरलेली असूनही! नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला टाकीला गळती लागून दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकीचा दाब पडताच आपोआप सुरू होणारा सिलिंडरचा पर्यायी संच आहे का, हा प्रश्न म्हणूनच सोडू नका.

आधी तयारी केली तर काय होतं, ते नंदुरबारने दाखवलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड यांनी पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२० मध्येच, दुसऱ्या लाटेच्या कितीतरी आधी बसवून घेतला होता. राज्यानेही पुढे एक शहाणपणाचा निर्णय घेतला: ऑगस्ट २०२१ मध्ये ऑक्सिजनची रोजची गरज ७०० टनांवर गेली की कडक निर्बंध, असं आधीच जाहीर केलं. क्षमतेच्या बरंच खाली रेघ ओढणं बरोबरच होतं, कारण निर्बंध लावल्यावरही दहा-बारा दिवस रुग्ण वाढतच राहतात.

मनुष्यबळाचं गणित छोटं आहे. दोन अतिदक्षता खाटांना एक परिचारिका धरली तर दहा खाटांना पाळीला पाच, तीन पाळ्यांना पंधरा, सुट्ट्या आणि विलगीकरण धरून वीस. लाट ओसरल्यावर कंत्राटी लोकांना घरी पाठवलं असेल, तर या दहा खाटा नाहीतच असं समजा.

आता पैसा. राज्याला नोटा छापता येत नाहीत, आणि जीएसटी, मुद्रांक शुल्क, इंधनावरचा कर हे सगळे एकदमच आटतात. मार्च २०२० चे पगार दोन टप्प्यांत द्यावे लागले, ४ मेच्या शासन निर्णयाने विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लागली, आरोग्य वगळून. कर्जमर्यादा राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्के झाली खरी, पण बिनशर्त वाढ अर्ध्याच टक्क्याची होती. आपत्ती निधीतून कोविडसाठी वापरायची मर्यादा ३५ वरून ५० टक्के व्हायला सप्टेंबर २०२० उजाडला. त्यामुळे पहिले सहा महिने स्वतःच्या जिवावर काढता येतील का, हीच माझ्या मते आर्थिक तयारीची खरी कसोटी.

मदत वाटण्यातही आधीपासून चालू असलेली यंत्रणाच कामाला येते. शिवभोजन थाळी जानेवारी २०२० पासून सुरू होती, म्हणून टाळेबंदीत तिची किंमत १० वरून ५ रुपये करणं आणि एप्रिल २०२१ मध्ये ती मोफत देणं लगेच जमलं. उलट त्याच एप्रिलमध्ये रिक्षाचालकांना जाहीर केलेल्या १५०० रुपयांसाठी आधी ऑनलाइन अर्ज, मग आधार जोडणी. ते मे महिन्यापर्यंत लांबलं. बँक खात्यांसकट यादी तयार नव्हती, एवढंच कारण.

तुमच्या जिल्ह्याचं तपासायचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. पीएसए प्रकल्पाच्या लॉगबुकची गेल्या तीन महिन्यांची प्रत, शुद्धतेच्या नोंदी, देखभाल कराराची शेवटची तारीख आणि परिचारिकांची मंजूर व भरलेली पदं मागा. ‘प्रकल्प कार्यान्वित आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘होय’ असंच येईल.