मसुद्याला घाबरून ट्रकचं कर्ज काढावं का?

प्रश्न: नाशिकहून कांद्याची वाहतूक करतो, निम्म्या फेऱ्या दिल्लीच्या. हाताशी ९ लाख रुपये आहेत. २०१८ चा बीएस-४ (प्रदूषणाच्या जुन्या निकषाचा) ट्रक तेवढ्यातच मिळतो आहे. नवा, सध्याच्या कडक निकषाचा बीएस-६ घ्यायचा तर ३२ लाख. सुरक्षा आणि प्रदूषणाच्या नव्या नियमांचे मसुदे येत आहेत, म्हणून जुन्यात पैसे घालायचा धीर होत नाही.

उत्तर: मसुदा निघाला एवढ्यावरून कर्ज काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे नियम आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावे लागतात आणि त्यावर हरकती मागवल्या जातात. त्यातला प्रत्येक मसुदा नियम होतोच असं नाही. कारमध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, तारीख वर्षभर पुढे गेली, आणि २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असं खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांनी सांगितलं. म्हणून मसुदा हातात आला की 'अमुक तारखेला किंवा त्यानंतर उत्पादित' हे शब्द शोधा. ते असतील तर रस्त्यावर असलेल्या गाडीला तो लागू होत नाही.

तुम्हाला अडवणारा आदेश आधीच निघालेला आहे. दिल्लीबाहेर नोंदणी असलेल्या बीएस-४ मालगाड्यांना दिल्लीत शिरायची मुभा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. म्हणजे हा ट्रक घेतलात तर निम्मा धंदा हातचा जातो. शिवाय आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी.

दिल्ली नसती तर जुनाच घ्या म्हटलं असतं. टायर-दुरुस्तीचे दीड लाख धरून तो साडेदहा लाखांना पडेल. दोन वर्षांतच २ लाखांना काढावा लागला तरी वर्षाला सव्वाचार लाखांचा खर्च. नव्याला ९ लाख भरून २३ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता ४९,४०० च्या आसपास. चार वर्षांनी १७ लाखांना विकला असं धरलं तरी व्याजासह वर्षाला सव्वापाच लाखांवर जातो. आणि सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये गेल्यावर कांद्याचा हंगाम पडला तर पहिला हप्ता कुठून भरणार, ही मला खरी काळजी वाटते.

माझा सल्ला २०२१-२२ च्या वापरलेल्या बीएस-६ चा. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त लागतं, पण रक्कम लहान राहते. ६ लाखच भरा. ३ लाख हप्ते आणि टायरसाठी बाजूला ठेवा. कर्जाची मुदत चार वर्षांपुढे नेऊ नका.

घेताना युरियाची टाकी नीट तपासा. बीएस-६ ट्रकमध्ये धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या यंत्रणेला डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के युरियाचं द्रावण लागतं. ते वाचवायला काही मालक ती यंत्रणाच बायपास करतात. अशी गाडी घेतलीत तर दुरुस्तीचा भुर्दंड तुमच्या माथी येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून जुने एरर कोड बघा, आणि आरसीवरचा आधीच्या फायनान्सचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.